काकडं येईपर्यंत

आईनं पालघरच्या बाजारात टोपलीभर शेवळं नेली आणि दिवसभर बसून एकही जुडी विकली नाही. गिऱ्हाइकं नव्हती म्हणून नव्हे. शेवळं दिसली की पालघरची जुनी मंडळी घासाघीस करायचीसुद्धा विसरतात. ती माणसं पिशव्या उघडून उभी होती आणि आई एकेकाला परत पाठवत होती. "आज नाय. काकडं नाय झाली अजून. मंग या." शेवटी तिच्या शेजारी बसणाऱ्या भाजीवालीनं मला फोन लावला. "तुझी आय टोपली झाकून बसलीय, बय. इकायची नाय तं आणली कशाला, इचारलं तं नुसती हसते. तू ये नि ने तिला."

मी बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला आहे आणि राहते सरावलीला. शिफ्ट सुटली तशी पालघरला गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, टोपलीवर ओलं फडकं. मला बघून म्हणाली, "तू कशाला आलीस? आज काय इकायचं नाय."

ज्यांनी शेवळं खाल्ली नाहीत त्यांना सांगायला हवं. पावसाच्या तोंडावर डोंगरउतारावर जमिनीतून हे तपकिरी जांभळे दांडे वर येतात. चव म्हणाल तर मटणाला मागे सारील, पण खाज अशी की घसा सोलवटून निघावा. त्यावर उतारा एकच, काकडं. काकडाच्या झाडाची ही हिरवी, आंबटढाण, बोरासारखी फळं. ती ठेचून भाजीत घातली की खाज मरते. आमच्या पाड्यावर रीतच आहे, शेवळ्यांच्या जुडीवर मूठभर काकडं ठेवून द्यायची. त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. बिनकाकडाची शेवळं कुणाला देणं म्हणजे त्याच्या घरात खाज पाठवणं. अलीकडे बाकीच्या बायका बिनधास्त सांगतात, चिंच घाला, कोकम घाला. आई तसं सांगायची नाही.

तेव्हा न विकण्यात तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. मग आणली कशाला, हे मीही विचारलं. ती म्हणाली, "शेवळं आली का बाजारात यायचं ना?" तेही बरोबर होतं. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या आणि मिळून वेडेपणा होत होता. माझ्या डोक्याचा भुगा झाला.

आधीही थोडं काही काही घडलं होतं. भात करपून कोळसा झाला होता, आई अंगणात बसलेली. एकदा आपली समजून शेजारच्यांची शेळी बांधून ठेवली होती. म्हणून त्या संध्याकाळी तिला तशीच टोपलीसकट एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं विचारलं, "आजी, आता महिना कोणता चालू आहे?"

"शेवळ्यांचा," आई म्हणाली.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, शेवळ्यांचा म्हणजे मिरगाच्या जरा आधीचा. त्याच्या मागे भिंतीवर एप्रिल लटकत होता. "बरं, आणि साल?"

"मोह कुजला ते."

"घरी कोण कोण असतं, आजी?"

"पोरगा येल आता भट्टीवरून. शेवळं आली ना."

पोरगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. दिवाळी झाली की तो बायकोमुलांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. मधले सगळे महिने आई पाड्यावरच्या घरात एकटी. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आईचं काळवेळेचं भान सुटायला लागलंय, हे वाढत जाणार, तिला एकटं ठेवू नका, चुलीपाशी तर नाहीच. मी मान हलवत होते आणि माझ्या हातात शेवळ्यांची टोपली होती. खरीखुरी, सकाळी उपटलेली शेवळं, एप्रिलमध्ये. मला त्या डॉक्टरचा राग आला, मग आईचा आला, मग कुणाचा यायला हवा तेच कळेना. रिक्षात बसल्यावर मी आईवर खेकसले, "आये, एप्रिलात कुठं शेवळं येतात?"

"मला काय इचारतेस? शेवळ्यांना इचार."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेले ती हेच बघायला. होळीनंतर अवकाळी पाऊस झोडपून गेला होता. त्यात खाली पडलेला मोह कुजला, आणि त्याच ओलीनं शेवळं वर काढली. आमच्या घरामागे काकडाचं झाड आहे. लहानपणी ते माझं झाड होतं. आई शेवळं चिरून ताटात ठेवायची, चूल पेटवायची आणि मला पिटाळायची, "जा, काकडं आण." मी झाडावर चढून ओटीत काकडं भरायची आणि मागच्या दारानं आत यायची. तोवर भाजी चुलीवर चढायची नाही. त्या रविवारी मी झाडाखाली जाऊन मान मोडेस्तोवर वर बघितलं. मोहोर होता, कुठे कुठे हिरवे ठिपके धरलेले. काकडं व्हायला अजून बराच अवकाश होता.

माझं शिक्षण बारावी सायन्स, तेवढ्याच भांडवलावर मी विचार करत बसले. शेवळ्याचा कंद जमिनीत असतो. त्याला ओल लागली की तो समजतो आला पावसाळा, आणि उठतो. काकडाचं झाड तसं फसत नाही. त्याची पानगळ, मग मोहोर, मग फळ, सगळं आपल्या क्रमानं. दोघं एकाच उतारावर राहतात आणि एकाच ताटात येतात, पण एकमेकांना विचारून काहीच करत नाहीत. इतकी वर्षं वेळ जुळत गेली आणि आम्ही त्याला जोडी समजत राहिलो. हे मला सुचलं तेव्हा बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली. मग अजून कशाकशाला आपण जोडी समजतोय, असं झालं.

पाड्यावर विचारावं तर एक ना धड. शेजारची काकी म्हणाली, आवंदा लवकर आली शेवळं. तिचा नवरा म्हणाला, काय लवकर नाय, असं आधीपण व्हायचं, हिला आठवत नाय. कंपनीत माझ्या टेबलावर मुरब्याची एक कोळीण आहे. ती म्हणाली, "आमच्या खळ्यात तिवरं उगवलीत, बाय. खाडीचं पाणी आत येतं नि झाडांचं बी टाकून जातं. आता बोंबील वाळवू का तिवरं राखू?" युपीचा एक हेल्पर ऐकत होता, तो म्हणाला, "दीदी, हमारे उधर भी कुछ समझ में नहीं आता." म्हणजे जो तो आपापल्या झाडांपाशी गोंधळून उभा. मला तेवढ्यापुरता धीर आला. सगळंच रान चुकत असेल तर माझी आई एकटी चुकत नाही, असा तो धीर होता.

काकडं झाली ती पुढे जूनमध्ये, आपल्या वेळेला. तोवर शेवळ्यांचे दांडे कधीच सुकून गेले होते आणि त्यांच्या जागी पानांच्या छत्र्या उघडल्या होत्या. आई काकडांची टोपली घेऊन बाजारात गेली. सोबत शेवळं नव्हती. नुसती काकडं कोण घेणार? संध्याकाळी ती सगळी टोपली घेऊन माझ्याकडे सरावलीला आली. मी शहाणपणा केला. धुऊन, पुसून, पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवली. म्हटलं, पुढच्या साली शेवळं कधीही उगवोत, आपण तयार. आई फ्रीजरचं दार उघडून बर्फ धरलेली काकडं बघत राहिली. "हिवाळा घातला त्यांना," ती म्हणाली.

त्या पावसाळ्यात ती हरवली. लाकडं आणायला म्हणून उतारावर गेली आणि दिवस कलला तरी आली नाही. भाऊ आणि पाड्यावरचे दोघे जाऊन शोधून घेऊन आले. ती एका जागी उभी होती आणि म्हणत होती, "हितं वाट व्हती. करवंदीपासून वळायचं. करवंद कुठं गेली?" भावानं मला फोन केला. "ताय, आता बास. आयचं डोकं फिरलंय. वाट काय कुठं जाते?"

मी गेले तर वाट खरंच नव्हती. करवंदीच्या जाळ्यांवर रानमोडी चढली होती, डोक्याच्याही वर. कुडा, करवंद, दिंडा, जे काही आम्ही उतारावर नावानं ओळखायचो, ते सगळं तिच्याखाली गुदमरलेलं. वणवा लागून गेला की पहिली तीच उठते आणि आता वणवेही वाढलेत. मी तिच्यात घुसले आणि थोड्याच वेळात मलाही उजवंडावं कळेना. हाका मारत बाहेर आले, अंगभर ओरखडे. भावाला सांगितलं, "आईचं डोकं नाही फिरलं, रान फिरलंय. मीसुद्धा हरवले." इतका आनंद झाला होता मला, की सांगताना मी टाळी वाजवली.

त्याच दुपारी आईनं पाच पानं वाढली. भावाची मुलं आधीच जेवली होती, आम्ही मोठी चौघंच जेवायला होतो. पाचवं पान बाबांचं. बाबा जाऊन कितीतरी पावसाळे झाले. "शेतावरून येतील आता," ती म्हणाली आणि भाताचं पातेलं झाकून ठेवलं. भाऊ माझ्याकडे बघत होता.

तेव्हापासून माझी धरलं तर चावतं नि सोडलं तर पळतं अशी गत झाली. तिची प्रत्येक चूक मी झाडावर नेऊन बघायची. ती म्हणाली तेरडा संपला, तर मी बांधावर जाऊन बघायची. ती म्हणाली पळस फुलला, आणि नेमका एक पळस अवेळी फुललेला सापडायचा. मग मी जिंकल्यासारखी घरी यायची आणि ती मला विचारायची, "तू कवा आलीस?" आईनं आयुष्यात कधी कॅलेंडर लावलं नाही. मोह, करवंदं, शेवळं, काकडं, मग कोळीची भाजी, लोत, टाकळा, तेरडा. या माळेवर ती दिवस ओवत आली. माळच तुटली असेल तर मणी घरंगळणार. पण दोरा कुठे तुटला, तिच्या हातात की डोंगरावर, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही कळत नाही.

दिवाळीत भावानं विषय काढला. त्याला भट्टीवर जायचं होतं आणि आईला एकटी टाकून जायचा त्याला धीर नव्हता. "तू ने तिला सरावलीला. हितं चुलीत पडली तं?" मी हो म्हणत होते आणि मला ते नको होतं. सरावलीला माझ्या दोन खोल्या, समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, वास बदलला की कंपनीची शिफ्ट बदलली असं समजायचं. तिथे आई कशावरून ओळखणार कोणता महिना ते? माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की घर सुटलं की आईला जे काही उरलंय तेही सुटेल.

आई सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "येते ना मी. शेवळं खाऊन येते." भावानं मान्य केलं, मीही केलं. शेजारच्या काकीनं दोन वेळची भाकर द्यायचं कबूल केलं आणि चुलीत लाकूड घालायचं तेवढं मात्र आईनं नाही असं ठरलं. मी दर रविवारी जायची. मनातून मी प्रार्थना करत होते की शेवळं वेळेवर येवोत, म्हणजे उशिरा. जूनपर्यंत तरी तिचं घर तिला राहील.

त्या साली अवकाळी पाऊस आणखी आधी आला. होळीच्या आसपासच काकीचा फोन आला, "शेवळं निघालीत बय, आणि तुझ्या आयनं उपटून पण आणलीत."

आणलंच मी शेवटी आईला सरावलीला. आज ती माझ्याकडेच आहे. पण कसं आणलं ते सांगायला हवं.

मी एक ओळखीची इको गाडी ठरवली. फ्रीजरमधली काकडं डब्यात भरली, भोवती कागद गुंडाळला. विचार असा की शेवळं आहेत, काकडं आहेत, आईच्या हातची भाजी करायची, पोटभर खायची आणि तिच्या अटीप्रमाणे तिला घेऊन निघायचं. पोचले तर घराचं दार उघडं होतं. आईनं शेवळं साफ करून, आतला पिवळा भाग टाकून, बारीक चिरून ताटात ठेवली होती. चूल पेटलेली होती, कुणी पेटवू दिली कोण जाणे. कढई रिकामी, बाजूला. आई मागच्या दाराकडे तोंड करून बसली होती.

"बस बाय," ती मला म्हणाली. "पाणी घे."

मी चटईवर पर्स ठेवून बसले. "आये, भाजी नाही टाकली अजून?"

"पोर गेलीय काकडं आणाय. येल आता. ती आली का टाकते." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तू कुठची?"

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. बहुधा सरावलीची म्हणाले. ती म्हणाली, लांब हाय. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी डबा उघडून पुढे केला. "ही घे काकडं. मी आणलीत."

तिनं आत वाकून बघितलं. बर्फ अजून पुरता सुटला नव्हता. "ही कुठली?"

"गेल्या सालची."

"गेल्या सालची काकडं आवंदाच्या शेवळ्यांना?" तिला माझी कीव आली असावी. तिनं डबा हळूच माझ्याकडे सरकवला. "ऱ्हाऊ दे बाय. पोर आणील. झाडाव चढाय लय हुशार हाय ती."

मी म्हटलं, "आपल्याला निघायचंय. गाडी उभी आहे."

"पोर आल्याबिगर कशी येऊ? घरात कोण नाय दिसलं तं रडंल ती."

ती चुकत नव्हती. रीत अशीच होती. शेवळं चिरायची, चूल पेटवायची, काकडांची वाट बघायची. तिनं सगळं जसंच्या तसं केलं होतं, एकही पायरी चुकवली नव्हती. आणि मी तिच्यासमोर बसून परकी होते. मला वाटलं ओरडावं, आये, मीच ती पोर, आता नाही चढता येत मला झाडावर, गुडघे दुखतात. ओरडले नाही. डबा उचलला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

घराला वळसा घालून काकडाखाली गेले. वर बघितलं. मोहोरसुद्धा धरला नव्हता, नुसत्या फांद्या. मी डब्यातली काकडं ओंजळीत घेतली, पदराचा ओचा केला, त्यात ओतली. बर्फाचं पाणी पदरातून पोटावर उतरत होतं. मागच्या दारापाशी क्षणभर थांबले. मला लाज वाटत होती आणि इतकी आशाही कधी वाटली नव्हती.

"आये, आणली काकडं."

आई उठली. चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. तिनं ओच्यातली काकडं दोन्ही हातांनी काढून घेतली, एक नखानं दाबून बघितलं, आणि मग माझे हात धरले.

"हात केवढं गार तुझं! वहाळात खेळत बसलीस ना? मी आपली वाट बघतेय." कढई चुलीवर चढली, तेल पडलं. काकडं ठेचता ठेचता तिनं चटईकडे बघितलं. तिथे माझी पर्स तेवढी होती. "ती बाय कुठं गेली गं? कवाची तुझी वाट बघत बसली व्हती."

"गेली ती, आये."

आईनं शेवळं कढईत सोडली. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. "जेवून गेली असती," ती म्हणाली.